घरी बांधलेल्या बॅटरीचा ‘टेस्ट रिपोर्ट’ कोण देणार?

नगर जिल्ह्याला स्वस्त दुचाकीचे अप्रूप नवे नाही. १९७२ साली फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ बाजारात आणली आणि सायकलीपलीकडे ज्यांची ऐपत जात नव्हती, त्या शिक्षकाला, कारकुनाला आणि दूधवाल्याला पगारात बसेल असे वाहन मिळाले. त्यानंतर अर्धशतक लोटले. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच नावाची विजेवर चालणारी ‘ई-लुना’ आली. तिच्यात दोन किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी होती आणि किंमत ७० हजार रुपयांच्या घरात होती. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव बदलले, अंतरे मात्र बदलली नाहीत. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा वाड्यावस्त्यांवर विखुरलेला आहे. वस्तीपासून शाळा, शाळेपासून तालुक्याची कचेरी आणि कचेरीपासून बाजार ही सारी वाट एस.टी.च्या वेळापत्रकात बसत नाही आणि पेट्रोलने तर लिटरमागे शंभरी केव्हाच ओलांडली आहे.

अशा परिस्थितीत जुनी सायकल आणि ७० हजारांची गाडी यांच्यामध्ये एक तिसरे वाहन उभे राहावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. घरातल्याच सायकलीच्या चाकात मोटर बसवायची आणि तिच्यासाठी लागणारी बॅटरी सुटे सेल आणून स्वतःच्या हाताने बांधायची, असे हे वाहन आहे. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांतून मोबाईल दुरुस्त करणारे तरुण, तंत्रनिकेतनातले विद्यार्थी आणि विजेच्या कामाची आवड असलेले हौशी लोक या उद्योगाला लागले आहेत. त्यांना वेडगळ ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण मोटर रिवाइंडिंग करणारा, पंपाचा स्टार्टर दुरुस्त करणारा, ट्रॅक्टरची ट्रॉली स्वतः बनवणारा कारागीर ज्या मातीत तयार होतो, त्याच मातीतला हाही कारागीर आहे. प्रश्न त्याच्या बुद्धीचा वा धाडसाचा नाही. त्याच्या हातून तयार होणारी वस्तू चार्जिंगसाठी कोणाच्या घरात ठेवली जाते, हा खरा प्रश्न आहे.

बावन्न सेलांचे गणित

ही बॅटरी म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. अठरा मिलिमीटर व्यासाचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा, पेन्सिल सेलहून किंचित मोठा असा एक दंडगोल हा तिचा मूळ घटक होय. त्याचा सरासरी दाब साडेतीन व्होल्टच्या थोडा वर, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. सायकलीची मोटर ४८ व्होल्टची असेल, तर असे तेरा सेल एकसर जोडावे लागतात. तेवढ्याने पुरेसा प्रवाह मिळत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी चार सेल समांतर जोडतात. तेरा चोक बावन्न. प्रत्येक सेल २६०० मिलीअँपिअर-तासांचा धरला, तर या जुडग्यात सुमारे पाचशे वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरचे अर्धे युनिट साठते. पायडलची थोडी साथ दिली, तर या अर्ध्या युनिटावर सपाट रस्त्याने तीस-चाळीस किलोमीटरची मजल मारता येते. महिन्याच्या अखेरीस खिसा चाचपणाऱ्या माणसाला हे गणित भुरळ घालणारच.

परंतु या गणितात एक मेख आहे आणि ती दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळेल अशी आहे. चार्जर पाहतो तो केवळ एकूण दाब. तेरा गटांचे मिळून ५४.६ व्होल्ट झाले की त्याच्या लेखी बॅटरी भरली. आता समजा, बारा गट ४.१५ व्होल्टपर्यंतच आलेले आहेत. त्यांची बेरीज झाली ४९.८. तेरावा गट जुन्या, झिजलेल्या सेलांचा असल्यामुळे लवकर भरला आणि ४.८ व्होल्टपर्यंत चढला. बेरीज पुन्हा ५४.६! वर्गाच्या सरासरी गुणांवरून नापास विद्यार्थी ओळखता येत नाही, तसेच हे आहे. भेद इतकाच की, येथे नापास झालेला सेल पेट घेऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक गटाला स्वतंत्र बारीक तार जोडून त्याचा दाब पाहणारे आणि कोणताही एक गट मर्यादेबाहेर गेला की प्रवाह तोडणारे देखरेखीचे मंडल आवश्यक ठरते. कारागीर त्याला बी.एम.एस. म्हणतात. ते बसवले नाही, हलक्या प्रतीचे बसवले किंवा त्याच्या तारांचा क्रम चुकला, तर बॅटरी चालते, सायकलही धावते आणि बांधणाऱ्याला वाटते की आपले काम फत्ते झाले. वीजकामातील पुष्कळ चुका ताबडतोब उघड होतात. ही चूक महिनोन्‌महिने दबा धरून बसते.

दुसरी मेख सेलांच्या जन्मकुंडलीची. आपल्या देशात वापरले जाणारे लिथियम सेल अद्याप बव्हंशी आयात होतात आणि त्यांतही चीनचा वाटा मोठा आहे. चांगल्या कंपनीचा नवा सेल महाग पडतो, म्हणून जुन्या लॅपटॉपमधले किंवा मोडीत निघालेल्या स्कूटरच्या पॅकमधले सेल काढून, वर नवे प्लॅस्टिकचे वेष्टन चढवून विकले जातात. या आकाराच्या सेलची क्षमता साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास संपते. तरीही वेष्टनावर ९९०० असा आकडा छापलेले सेल बाजारात दिसतात. असा आकडा छापणारा त्या सेलचे खरे वय सांगेल, अशी अपेक्षा कोणी धरावी? नव्या-जुन्याची सरमिसळ झालेली बॅटरी म्हणजे तरण्या खोंडाबरोबर थकलेला बैल एका जुवाला जुंपण्यासारखे आहे. औत ओढले जाते, पण थकलेला बैल प्रत्येक फेरीगणिक अधिक खचत जातो.

तिसरी गोष्ट जोडकामाची. या सेलचे संपूर्ण कवच ऋण ध्रुवाचे असते. धन ध्रुवाची टोपी त्याच्याच कडेपासून जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरवर असते आणि दोहोंमध्ये असते ती प्लॅस्टिकची पातळ वेष्टनी. तेथे विद्युत्‌रोधक कागदाची चकती घातली नाही आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर निकेलची पट्टी त्या कडेवर घासत राहिली, तर एक ना एक दिवस दोन्ही ध्रुव भेटतात. स्पॉट वेल्डिंगचे यंत्र नाही म्हणून सेलवर थेट सोल्डरिंगची इस्त्री टेकवणारा मनुष्य तर आतल्या नाजूक रचनेला चटका देत असतो. धन आणि ऋण थरांना अलग ठेवणारा आतला पडदा सुमारे १३० अंशांना वितळू लागतो. तो वितळला की सेल स्वतःच्याच साठ्याने तापतो, धन थरातील संयुगातून प्राणवायू सुटतो, ज्वालाग्राही द्रव वाफाळतो आणि शेजारच्या सेललाही तीच गती प्राप्त होते. बाहेरची हवा तोडून ही आग सहजी विझत नाही. विझली असे वाटल्यावर ती पुन्हा पेटू शकते आणि तिचा धूर विषारी असतो. त्यात नगरचा उन्हाळा! बहुतेक सेल ४५ अंशांवरच्या तापमानात चार्ज करू नयेत, असे त्यांचे उत्पादकच सांगतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारी सायकल आणून लगेच चार्जरला लावणारा मनुष्य ही मर्यादा नकळत ओलांडत असतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ही भीती केवळ पुस्तकी असती, तर तिच्यासाठी एवढी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. २०२२ च्या मार्च महिन्यात पुण्यात भर रस्त्यात विजेची स्कूटर पेटली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोर येथे स्कूटरच्या आगीत बापलेकीचा अंत झाला. सप्टेंबरात वसईत पहाटे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्या वर्षी चर्चेत आलेल्या बहुतेक गाड्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या होत्या. यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की, कारखान्याच्याच बॅटऱ्या पेटत असतील, तर घरच्याच बॅटरीला दोष का द्यावा? वस्तुतः निष्कर्ष नेमका उलट निघतो. अभियंत्यांची फौज आणि प्रयोगशाळा हाताशी असलेल्यांनाही जे सहज साधले नाही, ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आपोआप साधेल, असे मानणे हा आत्मविश्वास नव्हे.

त्या घटनांनंतर केंद्र सरकार जागे झाले, हे मान्य केले पाहिजे. संरक्षण संशोधन संस्थेच्या अग्निसुरक्षा केंद्राकडे चौकशी सोपवण्यात आली. ‘ए.आय.एस.-१५६’ या मानकात दुरुस्त्या करून त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आल्या. सेलांचा माग लागावा, पॅकमध्ये पाणी शिरू नये, आत तापमान वाढताच चालकाला इशारा मिळावा, अशा तरतुदी त्यांत आहेत. परंतु हे मानक आहे मोटार वाहनांसाठी. अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक न धावणारी प्रमाणित सायकल नियमांनुसार मोटार वाहनच नव्हे. तिला नोंदणी नको, विमा नको, चालकाचा परवाना नको. घरी बांधलेल्या सायकलीला असे प्रमाणपत्र मुळातच नसते आणि तिची मोटर अनेकदा त्या मर्यादेहून दांडगी असते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणी नसलेले मोटार वाहन ठरते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा बेकायदा फेरफार केलेल्या वाहनांविरुद्ध मोहीम काढली होती. ती आवश्यकच होती. परंतु अशी मोहीम रस्त्यावर वेग मोजते, मोटरची शक्ती पाहते, दंड करते. बॅटरी पेटते ती मात्र बहुधा रात्री, घरात, चार्जरला लावलेली असताना. तेथे परिवहन खात्याचा निरीक्षक पोचत नाही आणि पोचूही नये. यालाच आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात.

आगीची किंमत या जिल्ह्याला कोणी सांगावी असे नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत अकरा रुग्णांचा बळी गेला. ती आग बॅटरीची नव्हती आणि तिचा या विषयाशी थेट संबंधही नाही. पण आगीनंतर चौकशी बसते आणि आगीपूर्वी तपासणी बसत नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा नियमच होऊन बसला आहे की काय, अशी शंका अशा प्रसंगी येते.

बंदीचा मोह

मग या उद्योगावर सरसकट बंदी का घालू नये? हा विचार तर्कशून्य नाही. न्यू यॉर्क शहरात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनी २०२३ या एका वर्षात अठरा जणांचे प्राण घेतले. त्या शहराने त्याच वर्षी अप्रमाणित बॅटऱ्यांच्या आणि जुन्या सेलांपासून पुन्हा जुळवलेल्या पॅकांच्या विक्रीला मनाई केली. पण केवळ मनाईने भागेना. घरोघर अन्न पोचवणाऱ्या गरीब कामगारांना नवी प्रमाणित बॅटरी परवडत नव्हती, म्हणून जुनी परत घेऊन नवी देण्याची योजनाही त्या शहराला आखावी लागली. बंदीचा हुकूम काढणे सोपे असते. परंतु ज्या गरजेतून वस्तू जन्माला आली, ती गरज हुकुमाने नाहीशी होत नाही. आपल्याकडे तर बंदीचा परिणाम इतकाच होईल की, दुकानाच्या पुढच्या फळीवर चालणारे काम मागच्या खोलीत जाईल आणि आज निदान चारचौघांत विचारपूस करणारा तरुण उद्या कोणाला काही विचारणारही नाही.

या बाबतीत आपलाच एक जुना अनुभव मार्गदर्शक ठरावा. वीज जेव्हा प्रथम घरोघर आली, तेव्हा चुकीच्या वायरिंगने घरे जळत आणि माणसे दगावत. म्हणून घरात वायरिंग करण्यास कोणी बंदी घातली नाही. परवानाधारक तारतंत्री तयार करण्यात आले, फ्यूज आणि अर्थिंग सक्तीचे झाले आणि अधिकृत ठेकेदाराच्या सहीचा ‘टेस्ट रिपोर्ट’ जोडल्याशिवाय वीजजोडणी मिळेनाशी झाली. गाडीला गॅसचे किट बसवणाऱ्यालाही हेच तत्त्व लागू झाले. त्याच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाखाली चाचणी व्हावी लागते. ज्या वस्तूत धोका आहे आणि जिची लोकांना गरजही आहे, तिच्याबाबतीत शहाण्या समाजाने नेहमी हाच मधला मार्ग काढला आहे. काम करू द्यायचे, पण तपासल्यावाचून वापरू द्यायचे नाही.

मग घरी बांधलेल्या बॅटरीचा टेस्ट रिपोर्ट कोणी द्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला नगर जिल्ह्याने बाहेर जाण्याची गरज नाही. वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्या मोजक्या संस्थांना दिला आहे, त्यांपैकी एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, नगरमध्येच आहे. विजेच्या दुचाक्या तयार करणारा उद्योग येथे आहे. तालुक्यांच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि त्यांच्यासाठी विद्युत वाहनांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रमही आता देशपातळीवर आखला गेला आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी आहेत. साधने आहेत, माणसे आहेत. त्यांना एका सूत्रात गुंफणारा निर्णय तेवढा नाही.

असा निर्णय झाला, तर त्याचे स्वरूप फार अवाढव्य असण्याचे कारण नाही. प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक तपासणीचे मेज असावे. सेलची खरी क्षमता आणि अंतर्गत रोध मोजणारी उपकरणे तेथे असावीत. बॅटरी बांधणाऱ्याने जोडकामापूर्वी सेल खरेदीच्या पावतीसह तेथे आणावेत. बांधून झाल्यावर गटागटाचा दाब, फ्यूज, देखरेखीचे मंडल ठरल्या मर्यादेवर प्रवाह तोडते की नाही, चार्जर त्याच बॅटरीचा आहे की नाही, पट्ट्यांखालचे रोधक कागद आणि बाहेरची पेटी यांची तपासणी व्हावी. सारे ठीक असेल, तर क्रमांक, तारीख आणि वर्षभराची मुदत असलेला शिक्का मिळावा. जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलांना वाहनासाठी हा शिक्का मिळूच नये. येथे दयामाया दाखवून चालणार नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि त्यांचे नूतनीकरण करणाऱ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. जुन्या सेलांची वाट तिकडे गेली पाहिजे, सायकलीच्या दांडीखाली नव्हे.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, शिक्का दिल्याने धोकादायक उद्योगाला प्रतिष्ठा मिळेल. पण तारतंत्र्याला परवाना दिल्याने चुकीच्या वायरिंगला प्रतिष्ठा मिळाली नाही, उलट तिला नाव ठेवण्याचे माप लोकांच्या हाती आले. शिवाय असा शिक्का म्हणजे मोठ्या मोटरच्या गाडीला नोंदणीतून सूट नव्हे. रस्त्याचा कायदा त्याच्या जागी राहीलच. दुसरा आक्षेप बांधणाऱ्याचा असतो. बॅटरी माझी, धोका माझा, मग इतरांनी नाक का खुपसावे? हा युक्तिवाद एकाकी माळावर राहणाऱ्याला शोभेल. ज्याच्या खोलीच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागून आहे, ज्याच्या जिन्याखाली चार बिऱ्हाडांच्या सायकली उभ्या असतात, त्याचा धोका केवळ त्याचा राहत नाही. वसईतल्या त्या मुलाने बॅटरी विकत घेतली नव्हती, बांधली नव्हती आणि चार्जिंगलाही लावली नव्हती.

सरकारी निर्णयाला वेळ लागतो, आगीला लागत नाही. म्हणून तोवर काही पथ्ये प्रत्येकाने स्वतःहून पाळली पाहिजेत. बॅटरी रात्री झोपेच्या वेळी चार्जरला लावू नये आणि दाराच्या वा जिन्याच्या वाटेत तर कधीच ठेवू नये, कारण पळण्याची वाटच ती अडवते. प्रवासाहून आल्यावर ती निवू द्यावी, मगच चार्ज करावी. दुसऱ्या बॅटरीचा चार्जर ‘पिन बसते’ एवढ्यावरून जोडू नये. पॅक फुगला, गरम राहू लागला, त्याला गोडसर-उग्र वास येऊ लागला किंवा तो पडून चेपला, तर त्याचा मोह सोडावा. पेट घेतलाच, तर वस्तू वाचवण्याआधी माणसे बाहेर काढावीत. शाळाशाळांतून विज्ञानाचे शिक्षक एकसर आणि समांतर जोडणी शिकवताना बल्बांबरोबर या बावन्न सेलांचेही उदाहरण देतील, तर त्या पाठाला जिवंत अर्थ येईल. बॅटरी बांधणारा उद्याचा तरुण आज त्यांच्याच बाकांवर बसलेला आहे.

ज्या जिल्ह्यात एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असलेला साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनीच लोणीच्या माळावर सहकाराने उभा केला, त्या जिल्ह्याला तालुक्यागणिक एक तपासणीचे मेज उभे करणे जड जाऊ नये. लुनाने सामान्य माणसाला स्वतःच्या चाकांवर उभे केले. आता त्याच सामान्य माणसाचा मुलगा स्वतःच्या हातांनी त्या चाकांना वीज जोडू पाहतो आहे. त्याचे हात बांधण्यापेक्षा त्या हातांनी बांधलेली वस्तू तपासणे अधिक शहाणपणाचे आणि अधिक स्वस्तही ठरेल. ही तपासणी पहिल्या दुर्घटनेपूर्वी सुरू होते की तिच्यानंतर, एवढेच आता जिल्ह्याच्या धुरीणांनी ठरवायचे आहे.